केस क्रमांक एक

दादांच्या हातात फार तर महिना आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी स्टोअरकाकांनी धीर केला आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं खरं आपल्या थोरल्या भावाला सांगून टाकलं. दादांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छोट्या, मला बरं वाटावं म्हणून आता खोटं बोलायला लागलास का? काय झालं ते छापलंय ना त्यात."

"छापलेलं चूक आहे, दादा."

"छापलेलं कसं चूक असेल? चौदा भाषांत छापलंय."

झालं, विषय संपला. छापील शब्दावर दादांची भारी श्रद्धा. वर्तमानपत्र हातात घेतलं की शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता असतो, तोसुद्धा वाचल्याशिवाय ते घडी घालत नसत. अशा माणसाला नुसत्या तोंडच्या शब्दाने पटवायचं कसं? काकांना खाटेशेजारी बसल्या बसल्या कळून चुकलं, की दादांना खरं पटायचं असेल तर तेही छापूनच यायला हवं. आणि ते छापणार कोण, तर ज्यांनी खोटं छापलं तेच.

हे खोटं काय आणि छापणारे कोण, ते आधी सांगायला हवं.

बेचाळीस वर्षांपूर्वी या दोघा भावांचा थर्मासचा कारखाना होता. फार मोठा नव्हे, पत्र्याची एक लांब शेड आणि अठरा माणसं. दादा बाहेरचं बघायचे, गिऱ्हाईक, कच्चा माल, कचेऱ्यांचे हेलपाटे. छोट्या, म्हणजे आजचे काका, तेव्हा चोवीस वर्षांचा, तो आतलं बघायचा. थर्मासचा सगळा जीव आतल्या दुहेरी काचेत. ती फुंकून झाली की भट्टीत ठेवायची आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायची. संध्याकाळी आत गेलेली काच दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर, हा नियम. घाई केली तर काच दिसायला धडधाकट दिसते, पण आतून ताणलेली राहते आणि पुढे कधी दगा देईल याचा नेम नाही. लस ठेवायच्या थर्मासचं मोठं सरकारी काम मिळालं होतं. दादा परगावी होते. तिथून फोन करून ते एवढंच म्हणाले, "छोट्या, माल शनिवारी गेला पाहिजे."

माल शनिवारी आरामात गेला असता. पण गुरुवारी छोट्याच्या मित्राने नवी मोटरसायकल आणली, अकरा वाजता तिच्यावरून नदीकाठी फेरी मारायची ठरली, आणि भट्टी उघडताना हजर राहणं हे तर छोट्याचं काम. दुपारपर्यंत थांबलं तर फेरी बोंबलली. म्हणून त्याने भट्टी सकाळी आठलाच उघडली, काचा पुढच्या माणसांच्या हवाली केल्या आणि केस विंचरून निघाला. बाराच्या सुमाराला, काचेच्या दोन थरांमधली हवा पंपाने ओढली जात असताना एक काच फुटली, आणि पंपावरच्या माणसाचा डावा डोळा गेला. छोट्या तेव्हा मित्राच्या मागे बसून वारा खात होता.

चौकशीला आलेल्यांनी काचेत दोष होता असं लिहून फाईल मिटवली. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. काम मात्र हातचं गेलं, चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं, आणि काल अठरा जणांचा मालक असलेला माणूस औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिला. दादांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दर महिन्याला पंपवाल्याच्या घरी जायचे, त्याच्या उरलेल्या डोळ्यासाठी थेंब घेऊन. पंपवाला सहा वर्षांपूर्वी वारला तोपर्यंत त्यांनी एकही महिना चुकवला नाही. छोट्या घरी बसून वहिनीच्या हातचं खात होता आणि मूग गिळून होता.

मग सर आले. आज व्यवस्थापन शाळेच्या सभागृहात त्यांचा पुतळा आहे आणि त्यांना संस्थापक म्हणतात. तेव्हा ते परदेशात शिकून परतलेले, एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतलेले, काटकुळे गृहस्थ होते. खाली इस्त्रीची वाफ, वर व्यवस्थापनाचा वर्ग. विद्यार्थी अकरा, बहुतेक कारकून, नोकरी करून येणारे. शिकवायची रीत सरांनी परदेशातून आणली होती. तिला केस म्हणायचं. म्हणजे एखाद्या धंद्यात खरोखर घडलेली गोष्ट सांगायची, उत्तर द्यायचं नाही, आणि वर्गाला आपसात भांडायला लावायचं. सरांकडे पेटीभर केसेस होत्या, पण सगळ्या दूरच्या देशातल्या मोठमोठ्या कारखान्यांच्या. त्या वाचताना कारकुनांना जांभया यायच्या. सरांना इथली, हाताला लागेल अशी गोष्ट हवी होती. कुणीतरी त्यांना थर्मासच्या कारखान्याचं सांगितलं.

ते दादांकडे गेले तेव्हा दादा म्हणाले, "चूक माझी आहे. लिहा काय लिहायचं ते." मालक म्हणून बोलले ते. मग सर वही घेऊन छोट्यासमोर बसले आणि त्यांनी विचारलं, "भट्टी उघडायचं ठरवलं कुणी?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला छोट्याला किती वेळ लागला? काकांनी पुढे आयुष्यभर ते मनात मोजून पाहिलं. एक श्वाससुद्धा नाही. वाक्य जणू आधीच रांधून झाकून ठेवलेलं होतं, तसं ताटात आलं. "दादा फोनवर म्हणाले, तू भट्टी उघड. जबाबदारी माझी."

सरांची पेन्सिल थांबली. "याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

त्याला वाटलं, अकरा कारकून एक दिवस वाचतील आणि वही धूळ खात पडेल. पण तो वर्ग त्या केसवरून तीन तास असा भांडला, की खालच्या लाँड्रीवाल्याने काठीने छत बडवलं. एखादा माणूस तोंडाने जबाबदारी घेतो म्हणजे नक्की काय घेतो? डोळा गेला तो दुसऱ्याचा, मग शब्दाचं मोल काय? कारकून वर्ग सुटल्यावरही जिन्यात उभे राहून हमरीतुमरीवर आले. सरांना आपली शाळा सापडली. तीच केस क्रमांक एक, 'मंद भट्टी'. त्यात नावं नाहीत, थोरला आणि धाकटा एवढंच आहे. पण गावात कुणाला कळायचं राहिलं नाही.

छापलेली प्रत सरांनी दादांना आणून दिली. दादांनी ती तीनदा वाचली, आणि छोट्या दाराआड उभा राहून पाहत होता. आता दादा विचारणार. पण दादा प्रत मिटून म्हणाले, "त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. असंच म्हणालो असेन मी." तिथे एका शब्दाने सगळं थांबवता आलं असतं. छोट्या गप्प बसला. चारपाच वर्षांत दादांच्या बोलण्यातलं 'असेन' गळून पडलं. नंतर तर त्यांना तो फोनही आठवायला लागला.

सरांनी धाकट्याला, दया म्हणा की कृतज्ञता म्हणा, शाळेत स्टोअर सांभाळायची नोकरी दिली. त्यामुळे शाळा वाढताना काकांनी जितकी जवळून पाहिली तितकी कुणीच पाहिली नसेल. केस क्रमांक एकला बाहेरदेशी बक्षीस मिळालं. मग तिकडच्या शाळांनी ती शिकवायला मागितली, मग तिकडचे प्राध्यापक आले, मग विद्यार्थी. लाँड्रीवरच्या दोन खोल्यांच्या जागी टेकडीवर पाच मजले उभे राहिले. पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द घालायचं ठरलं तेव्हा जागा पुरेना, म्हणून रंगाऱ्याने तो इतका बारीक लिहिला की दोन वर्षं तो फक्त काकांनाच ठाऊक होता, कारण शिडी त्यांनी धरली होती. पुढे तीन देशांत शाखा निघाल्या. जाहिरातवाल्यांनी शाळेला एक वचन हवं म्हणून सगळी कागदपत्रं चाळली आणि नेमकं ते उचललं. आता प्रवेशद्वारावर, पत्रांवर, पिशव्यांवर, सगळीकडे लिहिलेलं असतं, 'जबाबदारी माझी'. काकांच्या स्टोअरमध्ये त्याच अक्षरांच्या चहाच्या मगांची खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. नवीन बॅच आली की काका स्वतःच्या हाताने प्रत्येकाला एक मग देतात आणि सही घेतात.

तर अशी ही शाळा. यंदा तिला चाळीस वर्षं होत होती आणि त्यानिमित्त तिचा इतिहास पुस्तकरूपाने निघणार होता. त्यासाठी नेमलेली एक तरुण लेखिका महिनाभर स्टोअरमध्ये जुनी खोकी उपसत बसे, आणि काका तिला इतिहासवाली म्हणत. पुस्तक पुढच्या गुरुवारी छापायला जाणार होतं. काकांच्या दृष्टीने देवाने दिलेली ही शेवटची संधी होती.

ते पाचव्या मजल्यावर संचालक मॅडमकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोटरसायकल, आठ वाजता उघडलेली भट्टी, फोनवरचं खरं वाक्य. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. बाई मनाने चांगली. तोच तर घोळ होता. वाईट असती तर भांडता आलं असतं.

"काका, तुम्हाला सरांचा नियम माहीत आहे," त्या म्हणाल्या. "केसमधलं वाक्य बदलायचं तर ते वर्गात टिकलं पाहिजे. कुणाच्याही सांगण्यावरून बदलायचं नाही. सरांनी स्वतः लिहिलेली वाक्यंसुद्धा वर्गाने खोडली आहेत."

"माहीत आहे."

"मंगळवारी नव्या बॅचला मी केस क्रमांक एक घेतेय. तुम्ही या. वर्गासमोर सांगा. वर्गाला पटलं तर केस बदलेन, पुस्तकातलं पान बदलेन, आणि पहिली प्रत मी स्वतः तुमच्या दादांना नेऊन देईन. शब्द देते."

काका खाली आले ते हवेत तरंगतच. त्रेसष्ट शिकलेली-सवरलेली मुलं. त्यांना खोटं पटवायला चाळीस वर्षं काही कष्ट पडले नाहीत, मग खरं पटवायला किती पडणार? घरी दादांना धाप लागायला लागली होती, ते आता उशीला टेकूनच बसत. काकांनी मागणीपत्रांच्या कोऱ्या बाजूवर सगळी हकीकत तारीखवार लिहून काढली आणि पाठ केली.

मंगळवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वर्ग उतरत्या पायऱ्यांचा, खाली मधोमध रिकामी जागा. आजवर या जागी ते फक्त खडू आणि फळ्याचे पेन ठेवायला आले होते. मॅडमनी ओळख करून दिली, "हे केसमधले धाकटे." वर्ग सरसावून बसला. काका बोलले. एक शब्द लपवला नाही. वारा खात होतो हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "दादांनी मला भट्टी उघड असं कधीच सांगितलं नाही. जबाबदारी माझी हे वाक्य माझं आहे. मी रचलं. ते तेवढं खोडा."

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "तुम्ही त्याआधी कधी भट्टी वेळेआधी उघडली होतीत?"

"नाही. कधीच नाही."

"मग चोवीस वर्षांचा मुलगा, ज्याने एकदाही नियम मोडलेला नाही, तो कारखान्यातलं सगळ्यात मोठं काम चालू असताना थोरल्याला न विचारता नियम मोडतो?"

"हो. मोडला मी."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मागून एक उंच मुलगा उठला. दुसऱ्या देशातून आलेला, फार अदबीने बोलत होता. "चाळीस वर्षं तुम्ही याच इमारतीत आहात. ही केस दर वर्षी शिकवली जाते. तुम्ही आजवर बोलला नाहीत. आजच का?"

"दादा आजारी आहेत. फार दिवस नाहीत त्यांचे."

वर्गात कुजबुज झाली. 'हेतू' असं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि मॅडमनी फळ्यावर तो शब्द लिहिला.

तिसऱ्याने विचारलं मोटरसायकलवाल्या मित्राचं काय. तो केव्हाच गेला होता. पंपवाला गेला होता. फोन कुणी ऐकला? कुणी नाही. चौथी म्हणाली, "मला कारणच पटत नाही. अठरा माणसांचा कारखाना, सरकारी काम, आणि नुसती फेरी मारायला कुणी एवढा धोका पत्करतं? कारण फार छोटं आहे. वरून दबाव असल्याशिवाय असा निर्णय होत नाही."

"अहो, छोटंच होतं कारण," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांना तो खाली आणता येईना. "तेवढंच होतं. मी तिथे होतो."

वर्ग हसला. कुत्सित नाही, आजोबांना हसतात तसं मायेने. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, मी तिथे होतो हा इथे एक मुद्दा असतो, निकाल नसतो."

मग सुटलीच मुलं. मांडणीवर मांडणी, एकावर एक. धाकटा चाळीस वर्षं थोरल्याच्या घरी जेवतोय, म्हणजे ऋणी आहे. थोरल्याने दर महिन्याला पंपवाल्याकडे थेंब नेले, चूक नसलेला माणूस असं करेल का? थोरल्याने स्वतः कधी इन्कार केलेला नाही, उलट त्याला तो फोन आठवतो. आणि धाकटा म्हणतो की तेव्हा खोटं बोललो, मग खोटं बोलणाऱ्याचं आज का धरायचं? एकेक मुद्दा इतका नेटका, की काकांना क्षणभर स्वतःचाच संशय आला. हीच रीत त्यांनी दाराबाहेर उभं राहून वर्षानुवर्षं ऐकली होती आणि वाटलं होतं, काय हुशार मुलं आहेत. हुशारच होती. पण खऱ्याला या हुशारीत बसायला जागा नव्हती, आणि ती जागा त्यांनी स्वतःच कधीकाळी अडवून ठेवली होती.

तास संपताना रीतीप्रमाणे हात वर झाले. केस बदलावी, तीन. बदलू नये, एकसष्ट. तिघांमध्ये दोन मुलं होती, कोपऱ्यातली, कदाचित कीव येऊन. तिसरा हात वर्गाचं भांडण ऐकायला मागे बसलेल्या इतिहासवालीचा होता, म्हणजे वर्गातली खरी मतं दोनच. मोजणाऱ्याला तेही कळलं नाही. मग ती पुढच्या रांगेतली मुलगी उभी राहिली, डोळे पुसत टाळ्या वाजवू लागली, आणि सगळा वर्ग उभा राहिला. कशाला टाळ्या वाजवताय, असं काकांना ओरडून विचारावंसं वाटलं. ते तसेच उभे राहिले, हातातली मागणीपत्रं चुरगाळत.

"निदान मी काय म्हणालो ते तरी छापा," त्यांनी नंतर जिन्यात मॅडमना गाठून विनवलं. "वर्गाने नाकारलं असं लिहा हवं तर. पण माझं म्हणणं छापा."

"छापणारच आहे काका," मॅडम म्हणाल्या. "तुमचं पूर्ण पान देतेय."

काकांनी या शब्दांवर नऊ दिवस काढले. दादांना धड दोन घोट पाणी जात नव्हतं. काका रोज त्यांच्या उशाशी बसत आणि मनात म्हणत, थांब, अजून चार दिवस थांब, अजून तीन दिवस. पान हातात ठेवीन, मग तुला कळेल तू काही केलं नव्हतंस. मग शांतपणे जा. असा विचार करणाऱ्याला माणूस म्हणावं का, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही. सुटायचं होतं त्यांना, दादांबरोबर स्वतःलाही.

पुस्तकांची खोकी सकाळी दहाला स्टोअरमध्ये उतरली. काकांनी सुरीने पहिलं खोकं फाडलं. पान एकशे बारा. पानभर त्यांचा फोटो, इस्त्रीच्या शर्टातला, वर्गासमोरचा. वर मोठ्या अक्षरांत 'धाकट्याची जबाबदारी'. आणि खाली लिहिलं होतं, की वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, थोरल्या भावाच्या अखेरच्या दिवसांत, केसमधला धाकटा वर्गासमोर उभा राहिला आणि भावाचा दोष आपल्या शिरावर घेण्याचा त्याने आटोकाट प्रयत्न केला. वर्गाने तो एकसष्ट मतांनी प्रेमपूर्वक नाकारला. शाळेने चाळीस वर्षं जे मूल्य जपलं, ते तिच्या साध्या कर्मचाऱ्यातही कसं झिरपलं आहे याचं याहून मोठं उदाहरण नाही.

काकांनी ते दोनदा वाचलं. मोटरसायकलचा शब्दही नव्हता. इतिहासवाली दारात येऊन उभी राहिली होती, तिला आत यायचं धैर्य होत नव्हतं. "मी असं लिहिलं नव्हतं, काका," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं. वर बदललं."

"असू दे, बाळ. तुझा काय दोष," काका म्हणाले. खोकी इथेच राहतील, किल्ली माझ्याकडे आहे, दादांच्या नजरेला हे पुस्तक पडू द्यायचं नाही, एवढा हिशेब त्यांनी मनात केला. तेवढ्यात ती म्हणाली, "पहिली प्रत मॅडमनी सकाळीच तुमच्या घरी पाठवली. फुलांबरोबर. म्हणाल्या, शब्द दिला होता."

काका धावले. सहासष्टाव्या वर्षी टेकडी उतरून, बस चुकवून, अर्धा रस्ता पळत आणि अर्धा छाती धरून चालत ते घरी पोचले. वहिनीने दार उघडलं. पुष्कळ दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती.

"भाऊजी, दोनदा वाचून दाखवलं मी. फोटो किती छान आलाय तुमचा. आज दोन चमचे पेज गेली त्यांच्या पोटात."

दादा उशांना टेकून बसले होते, पुस्तक पोटावर उघडं. त्यांनी हात पुढे केला आणि काकांचा हात धरला. त्या हातात आता हाडांशिवाय काही उरलं नव्हतं.

"बघ," दादा म्हणाले, "मी काय म्हणत होतो? एकसष्ट मुलांनी ओळखलं तुला. मला तर तू लहानपणापासून माहीत आहेस. असाच आहेस तू."

"दादा, मी असा नाही. ते चूक लिहिलंय. मी मोटरसायकलवर फिरायला गेलो होतो."

"कुठली मोटरसायकल रे?" दादा हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. ती बसायला बराच वेळ गेला. मग ते थांबत थांबत बोलले, "मला सगळं आठवतंय. पोस्टातला फोन होता. मागे रांग होती. एक बाई सारखी घाई करत होती. मी म्हणालो, छोट्या, भट्टी उघड. तू म्हणालास, नको दादा. दोनदा म्हणालास तू, नको दादा. मी ऐकलं नाही."

हे केसमध्ये कुठेच नव्हतं. चौदांपैकी एकाही भाषेत नव्हतं. हे दादांनी स्वतः मनाशी घडवलं होतं, आणि त्यात धाकट्याला स्वतःपेक्षा चांगलं ठेवलं होतं. काकांना वाटलं, आत्ता इथे आपल्याला काहीतरी व्हावं आणि सगळं थांबावं.

"पंपवाल्याने मला माफ केलं," दादा म्हणाले. "जायच्या आधी म्हणाला तसं. त्याचं ओझं नाही आता. तुझं आहे. कारखान्याचा मालक व्हायचास तू, आणि खोकी मोजत बसलास जन्मभर. संसार केला नाहीस. माझ्या एका शब्दापायी. तुझी माफी मागायची राहिली, छोट्या. तोंड व्हायचं नाही. रोज जेवायला समोर बसायचास, पण तोंड व्हायचं नाही."

"दादा, ऐक ना जरा. तू काहीच केलं नाहीस. मी..."

दादांचा श्वास पुन्हा अडकला. डोळे वर गेले, बोटांची पकड सैल होऊ लागली. वहिनीने पुढे होऊन त्यांची छाती चोळली आणि मान न वळवताच, हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, पुरे. वाद घालायचं बळ नाही त्यांच्यात. एक शब्द हवाय त्यांना. तेवढा द्या."

काका आले होते ते दादांच्या छातीवरचं ओझं उचलायला. ते उचलायची एकच वाट उरली होती, आणि त्या वाटेने गेलं की खरं कायमचं गाडलं जाणार होतं, दादांबरोबर. नाही म्हटलं तर दादा हे ओझं घेऊनच जाणार. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादा श्वास घेण्यासाठी नव्हे, उत्तरासाठी तोंड उघडून थांबले होते.

"केलं, दादा," काका म्हणाले. "केव्हाच केलं माफ."

दादांच्या चेहऱ्यावरच्या एकेक रेषा सैल होत गेल्या. त्यांनी डोळे मिटले, काकांचा हात दोनदा थोपटला, आणि जरा रागावल्यासारखे म्हणाले, "मग सांगायचंस की रे. मी इतकी वर्षं वाट बघत होतो."